निळ्या चित्रामागची भिंत

खोटं बोलायचं असेल तर कडेला बोलावं. मध्ये बोललं की पकडलं जातं. हे शहाणपण मला कुणी सांगितलेलं नाही, उष्णता-वहन शिकवता शिकवता ते माझं मलाच उमगलं. रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हा विषय शिकवते. खोलीत उष्णता कशी फिरते याचं गणित मुलांना संगणकावर करायला लावते. संगणक बिचारा इमानदार. खोलीतल्या हवेच्या तसूतसूचा हिशेब तो लावतो, कंटाळत नाही, चुकत नाही. पण खोलीच्या कडेला काय आहे हे त्याला कळत नाही. ही भिंत उन्हात आहे का, त्या खिडकीतून वारा येतो का, पलीकडे चूल आहे की देवघर, हे त्याला माणसानं सांगावं लागतं. आमच्या धंद्यात याला बाउंडरी कंडिशन म्हणतात. माणूस कडेला जे सांगेल ते संगणक खरं धरतो आणि तासन्‌तास राबून त्याचं बिनचूक उत्तर काढून देतो. मग प्रश्न भलताच का असेना.

माझ्या वर्गात कडेचे आकडे भरायची वेळ आली की जांभया सुरू होतात. भिंतीतून उष्णता किती जाते याचा आकडा एक जण शेजाऱ्याचं बघून दहा असा भरतो. शेजाऱ्यानं तो मागच्या वर्षीच्या मुलाच्या फाइलीतून उचललेला असतो. "दहाच का रे?" विचारलं तर म्हणतो, "मॅडम, दहाच असतात." काही जण तेवढेही कष्ट घेत नाहीत, जागा रिकामी सोडतात. रिकामी सोडली की सॉफ्टवेअर आपणहून धरून चालतं की या भिंतीतून उष्णता अजिबात जात नाही. त्याला ॲडियाबॅटिक म्हणायचं. अशी भिंत आजवर कुठल्या गवंड्यानं बांधलेली नाही, पण फुकट मिळते म्हटल्यावर ती सगळ्यांना आवडते. शेवटी उत्तराच्या चित्राचे रंग, गार तिथे निळा, तापलेलं तिथे लाल, असे निवडायचे असले की हीच मुलं खुर्च्या ओढून पुढे येतात.

मुलांचं मी मनावर घेत नाही. पोरवय आहे, दोन वर्षं नोकरीत घासली गेली की त्यातली निम्मी तरी सुधारतात. जी माणसं सुधारत नाहीत आणि वर त्याची फी घेतात, त्यांची मात्र मला मनापासून किळस येते. तसला एक माणूस आमच्या गावात येऊन गेला. त्याच्यापायी माझी वहिनी गाव सोडून जाता जाता राहिली, म्हणून हे लिहिते आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर बुरोंडीचं. भाऊ बोटीवर नोकरीला होता, तो वारला. मुलगा नोकरीसाठी कल्याणला जाऊन स्थिरावला. वहिनी गावातच राहिली आणि गावातल्या बायकांच्या बचत गटात काजू सोलायला जाऊ लागली. काजूची बी आधी वाफवतात, कापतात, मग आतला गर भट्टीच्या खोलीत सुकवतात. सुकलेल्या गरावरची लाल साल काढायची, हे वहिनीचं काम. ती साल अशी काढते की अख्खा गर बोटांतून सुटतो, कुठे ओरखडासुद्धा नसतो. गटात तिच्याएवढा हात कुणाचा नाही, आणि ते तिला चांगलं ठाऊक आहे.

या कामाची एक गोम आहे. गर कडकडीत सुका असेल तोवरच साल सुटते. दमट वारा लागला की गर सादळतो, साल चिकटून बसते, आणि ओढायला जावं तर गराचे तुकडे होतात. आमच्याकडे तर वाराच मुळी दमट. त्यामुळे बायका सोलायला बसल्या की आधी खिडक्या लावून घेतात, फटींत गोणपाट कोंबतात, दाराखाली फडकं सारतात. पापडाच्या डब्याला लावावं तसं झाकण त्या स्वतःलाच लावून घेतात. त्यावर मी खूपदा बोलले आहे. माझं कुणी ऐकत नाही, कारण मी गर सोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात गटाच्या जुन्या भाड्याच्या जागेत वहिनीला घेरी आली. मुलगा धावत आला आणि म्हणाला, बस झालं, आता कल्याणला चल. कल्याणच्या नावानं वहिनीचं तोंड कडू होतं. तिकडे गॅलरीत बसून समोरच्या गॅलरीतली माणसं बघायची, एवढंच काम, असं ती म्हणते. तरी मुलाचं मन राहावं म्हणून तिनं त्याला शब्द दिला. "गटाची नवी शेड होते हाय. एक हंगाम थितं बसून बघतंय. नाय झेपला तर येतंय तुझ्याकडं, मग एक शब्द बोलनार नाय." वहिनी दिलेला शब्द मोडत नाही. म्हणजे ती गावात राहणार की नाही, हे आता त्या शेडच्या भिंतींवर होतं.

शेड सरकारी योजनेतून व्हायची, आणि योजना म्हटली की तज्ज्ञाचा अहवाल आलाच. गटानं पुण्याचा एक सल्लागार धरला. जागा बघायला तो भर दुपारी आला. शेडची जागा गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर. दुपारच्या उन्हात तिथल्या जांभ्या कातळावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा कुणीही. हा गृहस्थ गाडीतून उतरलाच नाही. काच अर्धी खाली केली, बोटानं इकडून तिकडे असं दाखवून घेतलं, काच वर केली आणि एसीच्या गारव्यात जागेची पाहणी पार पाडली. नंतर सुरमईची थाळी मात्र त्यानं उतरून खाल्ली.

महिन्याभरानं शाळेच्या वर्गात त्याचं सादरीकरण झालं. वहिनीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पडद्यावर शेडचं चित्र आलं. सोलायची खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत निळीशार. बायकांच्या जागी त्यानं राखाडी ठोकळे ओळीनं मांडले होते. ठोकळ्यांना घाम येत नाही हे चांगलंच आहे. गटाच्या अध्यक्षीणबाई हरखून म्हणाल्या, "बगा, एसी लावल्यासारका निळा दिसता हाय!" लगेच टाळ्या झाल्या. चित्रात निळं असलं की गार आणि गार असलं की चांगलं, एवढ्या ज्ञानावर योजना मंजूर होतात.

मी हात वर करून विचारलं, "सोलायच्या खोलीची भट्टीकडची भिंत कशी धरलीत?"

"ॲडियाबॅटिक," तो म्हणाला. "ॲक्च्युअली मॅडम, ती इंटर्नल वॉल आहे. इंटर्नल वॉल्स ॲडियाबॅटिकच घेतात."

"दोन्ही बाजूंना सारखं तापमान असलं तर घेतात. इथे अलीकडे बायका आहेत आणि पलीकडे भट्टी."

"स्टँडर्ड प्रॅक्टिस आहे, मॅडम."

"आणि खिडक्या?"

"वेस्टच्या सगळ्या ओपन. सी-ब्रीझ काय मस्त आहे हो तुमच्याकडे!"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. वहिनी उठून उभी राहिली. "अवो दादा, वारा घेऊन काजू सादळवायचा हाय काय? खिडक्या कोन उघडनार?"

तो समजुतीनं हसला. "काकी, तो ऑपरेशनल इश्यू झाला. तो माझ्या स्कोपमध्ये येत नाही."

त्या क्षणी मला जो तिरस्कार वाटला, तो अजून जशाचा तसा आहे. बायका खिडक्या लावून बसतात, हे त्याच्या स्कोपमध्ये नाही. भिंतीपलीकडे जाळ आहे, हेही नाही. मग स्कोपमध्ये होतं तरी काय? वेधशाळेच्या साइटवरून उतरवून घेतलेला वारा आणि सॉफ्टवेअरनं फुकट दिलेली भिंत. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसतो, हा तर गाडीतून उतरायलाही तयार नव्हता.

पुढच्या रविवारी मी माझ्या लॅपटॉपवर तीच शेड पुन्हा मांडली. भट्टीकडच्या भिंतीला भट्टीची आच दिली. भिंत जांभ्या दगडाच्या एका चिऱ्याएवढी जाड, म्हणजे सकाळी तापायला लागली की संध्याकाळपर्यंत निवत नाही, तेही घातलं. खिडक्या बंद केल्या, कारण त्या बंदच असणार होत्या. वर डोक्यावर पत्रा, तोही उन्हातला. संगणकानं नेहमीच्या इमानानं उत्तर काढलं. खोली लाल झाली, आणि सगळ्यात लाल झाली ती भिंतीलगतची पहिली जागा.

ती जागा कुणाची, हे मला चित्र न बघताही ठाऊक होतं. भट्टीतून निघालेला पहिला गरम ट्रे गटातल्या सगळ्यात चांगल्या सोलणारणीपुढे येतो, म्हणून ती भट्टीच्या दाराशी भिंतीला लागून बसते. ती मानाची जागा. आमच्या बायकांना मान मिळतो तोसुद्धा भट्टीजवळ. जुन्या जागेत भट्टी निराळ्या खोपटात होती, तिथे घेरी आली ती कोंडलेल्या हवेनं, मानापायी नव्हे.

लॅपटॉप काखोटीला मारून मी अध्यक्षीणबाईंकडे गेले. बाई कर्तबगार आहेत, त्याबद्दल दुमत नाही, पण त्यांची सगळी कर्तबगारी वरच्या साहेबांकडे तोंड करून उभी असते. त्यांनी चित्र पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "ह्या लाल कशाला केलात? निळा करा ना."

"रंग मी नाही करत, ताई. भिंत करते." मग मी उपायही सांगितला. आतून दुसरी भिंत घाला, दोन्हींच्या मध्ये वीतभर पोकळी ठेवा, आणि भट्टीच्या खोलीची गरम हवा वर छपरातून जाऊ द्या. फार मोठं काम नव्हतं, पायाही अजून खणला नव्हता.

"मंजूर झालेला नकाशा हाय," त्या म्हणाल्या. "तेला हात लावला की सगळा पुन्हा पयल्यापासून. आनि बायकांना सवय असता हो. चुलीफुडं जल्म गेला आमचा." मी उठले तेव्हा त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "ता लाल चित्र कोनाला दाखवू नका हां. उगीच लोकां घाबरतील."

सवय! या शब्दासारखा हरामखोर शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल. बायकांना धुराची सवय असते, डोक्यावरच्या हंड्याची असते, उरलंसुरलं खायची असते, आणि आता भट्टीची. बाईच्या अंगाला घाम येतो, तो सुकायला हवा लागते, हवा नसली तर अंग आतून तापत जातं आणि माणूस पडतो. यात सवय कुठे बसते, ते मला एकदा कुणीतरी गणितात मांडून दाखवावं. वर हे बोलणारी बाईच. पुरुष बोलला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले तरी असते. बाईंपुढे मी मुकाट्यानं चहा पिऊन परत आले आणि वाटभर चरफडले.

शेड झाली. साहेब आले, फीत कापली, नारळ फुटला. पुण्याच्या सल्लागाराचं निळं चित्र मोठं छापून, वर प्लास्टिकचा थर चढवून खोलीत लावायचं ठरलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला शास्त्रीय शेड आहे हे कळावं. लावायचं कुठे? बाकीच्या भिंतींना खिडक्या नाहीतर दार. मोकळी भिंत एकच, भट्टीकडची; तिला कोपऱ्यात ट्रे आणायचं दार तेवढं. ज्या भिंतीतून उष्णता जात नाही असं ते चित्र सांगत होतं, त्याच भिंतीवर ते दुहेरी टेपनं चिकटवलं गेलं. मी सोडून कुणाला हसू आलं नाही.

फाल्गुनात भट्टी पेटली. मी रविवारी गावी गेले की शेडवर चक्कर टाकायची. दुपारी त्या भिंतीला तळवा लावला की चटकन मागे घ्यावा लागायचा. वहिनी तिला पाठ देऊन पाटावर बसलेली, ब्लाउज भिजून पाठीला चिकटलेला, हात मात्र तसेच चाललेले. मी म्हटलं, "वहिनी, पलीकडे खिडकीखाली बसा ना."

"मानाची जागा सोडू? आनि हितं कोन बसंल मग? ती कालची आलेली पोर? चार गर सोलायला तिला दिवस जाईल."

मग चैत्रात एका दुपारी ती बसल्या बसल्या कलंडली आणि तिचं डोकं समोरच्या ट्रेवर आलं. बायकांनी तोंडावर पाणी मारलं, नाकाशी कांदा फोडून धरला, उचलून बाहेर पडवीत निजवलं. मी कॉलेजातून सुटी टाकून पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती आणि ट्रेमधले किती गर फुटले ते विचारत होती. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "उपास आसंल." उपास नव्हता. मग म्हणाल्या, वय झालं. मी चिडून त्यांच्यासमोरच पुण्याच्या सल्लागाराला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "स्ट्रेंज. मॉडेलमध्ये तर झोन कम्फर्टेबल येतोय, मॅडम." म्हणजे मॉडेलनुसार माझी वहिनी पडायलाच नको होती. पडली तर चूक तिची.

रात्री मुलाचा फोन आला. या महिनाअखेरीस न्यायला येतो म्हणाला. वहिनी "बरा" एवढंच बोलली आणि तिनं फोन माझ्या हातात दिला. मग भाऊ असताना घेतलेली जुनी बॅग तिनं माळ्यावरून काढली, फडक्यानं पुसली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. मला रडू आलं. त्याहून जास्त आला तो राग, आणि तो नेमका कुणावर काढावा हेच कळेना.

वहिनी घरी पडून होती तेव्हा शेडमध्ये निराळाच हाहाकार उडाला. चित्र सुटलं. तापून तापून टेपचा डिंक पातळ झाला, प्लास्टिकला फोड आले, कोपरे वर वळले आणि एका दुपारी ते अख्खं चित्र सुरळी होऊन खाली आलं. त्यात आठवड्याभरात साहेब पाहणीला येणार होते. अध्यक्षीणबाईंची झोप उडाली. त्यांनी त्याच दिवशी दापोलीहून सुतार आणवला, थर्माकोलचा जाड तक्ता आणवला, तो चित्राच्या मापाचा कापून मागे पातळ फळी लावून घेतली, नवीन चित्र छापून त्यावर चिकटवलं आणि अख्खं प्रकरण वर खिळ्याला टांगलं. बाई पडली तेव्हा कुणी चिरा हलवला नव्हता. कागद पडला तर सुतार आला. आणि थर्माकोल लावला तोही चित्राएवढाच, बोटभर जास्त नाही.

साहेब आले, चित्र बघून खूश झाले आणि गेले.

पुढच्या रविवारी मी गावी गेले तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "शेडवर गेली हाय ती, सकाळीच." मी तशीच सड्यावर गेले. वहिनी आपल्या जागी बसली होती आणि निळं चित्र वरच्या खिळ्यावर नव्हतं. तिनं ते उतरवून जमिनीवर, भिंतीला लावून उभं केलं होतं आणि त्याला पाठ टेकून ती गर सोलत होती.

"अवो वन्सं, हात लावून बगा," ती म्हणाली. "हितं भिंत लागतच नाय."

मी शेजारच्या चिऱ्याला हात लावला, चटका बसला. चित्राला लावला, काहीच जाणवलं नाही. सल्लागाराची ती ॲडियाबॅटिक भिंत शेवटी त्या शेडमध्ये झाली होती, एका बाईच्या पाठीएवढी. खोलीतली हवा तशीच तापलेली होती, डोक्यावरचा पत्राही तसाच. थर्माकोलनं पाठ तेवढी वाचत होती. पण भिंतीची आच पाठीला लागेनाशी झाली आणि वहिनी दुपारभर बसू शकली, हे खरं होतं.

अध्यक्षीणबाई आल्या आणि कुरकुरल्या, "अवो, चित्र कोनाला दिसत नाय आता."

"नाय दिसत तर नाय," वहिनी म्हणाली. "कामाला येता हाय ना."

महिनाअखेरीस मुलगा आला. आईशी भांडायच्या तयारीनंच तो थेट शेडवर गेला आणि बोलता बोलता भिंतीला टेकला. टेकला तसा उडालाच. वहिनी जराशी सरकली आणि तिनं त्याला चित्राचा अर्धा भाग टेकायला दिला. दोघं मायलेक बराच वेळ तसे बसले होते, काय बोलले ते मी विचारलं नाही. पाऊस पडेपर्यंत भट्टी चालेल, तोवर राहू दे, असं ठरवून तो एकटाच परत गेला. बॅग माळ्यावर गेली.

आता बाकीच्या बायकांनाही आपापल्या पाठीमागे तसला तक्ता हवा आहे. त्यांनी तसं मागितलं तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, बघू, पण भिंतीला काही लावायचं तर तज्ज्ञाचा नवीन अहवाल लागेल. अहवाल कोण करणार, तर पुण्याचा तोच. मी फुकट करून देते म्हटलं, तर म्हणाल्या, तुमचा लाल येतो.

तोवर वहिनी काय करते, तर थोडा वेळ सोलून झालं की उठते आणि आळीपाळीनं एकेकीला आणून त्या चित्राला पाठ टेकवून बसवते. मानाची जागा सोडून ती कधी उठलेली मी आजवर पाहिली नव्हती. काल तिथे ती नवी पोर बसली होती. गर फोडत होती, पण बसली होती.